नावानंतरची जागा

एक वाजून सात मिनिटांनी मोबाइलमधला आवाज तुटला. “सितोया गावचे बो मुयुंडा, वय एकाहत्तर,” एवढं गावच्या रेडिओवर मेलेल्यांची नावं वाचणारी इनोंगे आदराचं ‘बो’ लावून म्हणाली, मग नेहमीसारखी थांबली, आणि त्या थांबण्यातून परत आलीच नाही. पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. लुबिंदाच्या हातातलं उकडलेलं रताळं हातातच राहिलं. गेलेल्या बो मुयुंडांसाठी रीतीच्या टाळ्या वाजवायच्या की मोबाइल हलवून बघायचा, अशा पेचात तो सापडला आणि दोन्हींतलं काहीच त्याने केलं नाही. मिनिटभराने आवाज आला तेव्हा इनोंगे पुढच्या कुठल्यातरी माणसाच्या दफनाची वेळ सांगत होती. माणूस कोण ते ऐकायचंच राहिलं. पुन्हा नाव, पुन्हा थांबणं, पुन्हा चक्र. दर दुपारी हे असंच चालायचं, दीड वर्ष असंच चाललं होतं, आणि म्हाताऱ्या माणसाला गुडघेदुखीची सवय होते तशी त्याला त्याची सवयही झाली होती. पण आज सोमवार होता. गुरुवारी एक वाजता नासिलेलेचं नाव वाचलं जाणार होतं, आणि त्या नावासाठी त्याच्याजवळ या मोबाइलखेरीज दुसरा कान नव्हता. त्याने रताळं खाली ठेवलं.

नासिलेले म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन वर्ष होत होतं. गुरुवारी गावी तिच्या थडग्यावरच्या दगडावरचं कापड काढायचं ठरलं होतं. मुलगी नामुकोलो त्यासाठी उद्या रात्रीच्या गाडीने निघणार होती. लुसाकाहून मोंगू नऊ-दहा तास, तिथून पुढे वाळूतली वाट, आणि लुबिंदाच्या कमरेच्या हाडात दोन खिळे. डॉक्टर म्हणाले होते, बसा तर खुशाल बसमध्ये, पण मग परत आणताना आडवं आणावं लागेल. गेल्या वर्षीही तो गेला नव्हता. नासिलेले गेली त्याच्या आठ दिवस आधी तो न्हाणीघरात घसरला, आणि ज्या दिवशी तिला गावी मातीत ठेवलं त्या दिवशी तो इस्पितळात पाय दोरीला टांगून छताकडे बघत पडला होता. शेजारच्या म्वीम्बाने त्याच्या कानाला मोबाइल धरला होता. इनोंगेने पहिलं नाव वाचलं, ते दुसऱ्याच कुणाचं होतं. मग आवाज तुटला. परत आला तेव्हा गुरांच्या लशीची सूचना चालू होती. गावाभोवतीच्या सगळ्या सखल मैदानाने, नदीपासून वाळूच्या टेकाडापर्यंत, लुबिंदाच्या बायकोचं नाव ऐकलं आणि गुडघे टेकून टाळ्या वाजवल्या. तिच्या नवऱ्याने तेवढं ऐकलं नाही. हे त्याने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. नाव ऐकलं नाही म्हणून माणूस गेलंच नाही असं थोडंच असतं. पण सकाळी जाग आल्याबरोबरचा पहिला अर्धा क्षण तो तसं समजायचा, आणि त्या अर्ध्या क्षणाचा त्याला रोज राग यायचा.

रेडिओ हा तसा त्याचाच धंदा. उमेदीची वर्षं त्याने लुसाकात सरकारी रेडिओच्या यंत्रांपाशी काढली, आणि मिशनच्या पाद्रींनी गावात धान्याच्या कोठारात छोटं केंद्र काढलं तेव्हा तो नोकरी सोडून गावी गेला. मुलापो रेडिओ. एक खोली बोलायची, एक खोली यंत्राची, मध्ये काच. मेलेल्यांची नावं वाचायला कुणी धजेना, कारण नाव वाचणाऱ्यावरच लोक नंतर रुसतात. तेव्हा शाळेत शिकवणाऱ्या नासिलेलेने ते काम उचललं. पहिल्या दिवशी तिने पहिलं नाव वाचलं, गाव सांगितलं आणि ती गप्प झाली. इकडे यंत्रावरचा आवाज दाखवणारा काटा आडवा पडला. रेडिओवर गप्प बसणं म्हणजे यंत्रवाल्याच्या दृष्टीने घराला आग लागणं. माइक गेला असं समजून लुबिंदा अनवाणीच धावला, दार उघडलं, तर ही बाई शांतपणे बसलेली, आणि हाताचा तळवा त्याच्याकडे करून, थांब. कार्यक्रम संपल्यावर त्याने चिडून विचारलं, “तुला काय झालं होतं गं? घशात माशाचा काटा अडकला होता?”

“लोक टाळ्या वाजवत होते,” ती म्हणाली.

“कुठे? मला नाही ऐकू आल्या.”

“तू यंत्र ऐकत होतास, नामुकोलोच्या बापा. नाव ऐकलं की बाई हातातलं भांडं खाली ठेवणार, गुडघ्यावर बसणार, हात पुसणार, मग दोन टाळ्या वाजवणार. तेवढ्यात मी दुसऱ्याचं नाव घेतलं तर पहिल्याच्या टाळ्या दुसऱ्याला जातील. मेलेल्यांत भांडणं लावू का मी?”

बारा-तेरा सेकंद. नासिलेलेने बावीस वर्षं तेवढी जागा प्रत्येक नावानंतर सोडली आणि एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. पाद्री बदलले, नव्या पाद्रींनी नाकं मुरडली, लुबिंदाने घरी जेवताना दहादा तो विषय काढला. ती मक्याच्या पिठाच्या न्शिमाचा गोळा वळत ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी तितकीच थांबायची. मग मैदानातल्या लोकांना त्याची अशी सवय झाली की तिच्या आजारपणात एका पाहुण्याने नावं सलग वाचली, तर चार गावांतले लोक होड्या वल्हवत भांडायला आले.

“मेला का रे तुझा रेडिओ, लोझ्या?” कुंपणाच्या भोकातून म्वीम्बाने डोकं घातलं. तो टोंगा जमातीचा, हा लोझी. लोझ्यांनी कधी काळी टोंगांची गुरं पळवली आणि तेव्हापासून दोन्हीकडच्यांना एकमेकांना काहीही बोलायची मुभा आहे, अगदी मयताच्या दारातसुद्धा. नासिलेलेला गाडीत ठेवलं तेव्हा हाच म्वीम्बा चाकापुढे आडवा पडला होता. आमच्या आज्याची गाय परत केल्याशिवाय गाडी हलू देणार नाही म्हणाला होता. नामुकोलो रडता रडता हसली होती आणि हसता हसता पुन्हा रडली होती. लुबिंदाला ते सगळं नंतर कळलं. त्याला तेव्हा म्वीम्बाचा हेवा वाटला होता.

“मेला नाही, झोपतो,” लुबिंदा म्हणाला. “नाव ऐकलं की झोपतो.”

“तुमच्याकडचं यंत्र तुमच्यासारखंच. डेटाचं बंडल संपलं असेल.”

बंडल संपलं नव्हतं. वर्षभर सगळ्यांनी हेच सांगितलं होतं. नामुकोलो म्हणायची, बाबा, नेटवर्क. जावई म्हणायचा, तुमचा मोबाइल जुना झाला. म्हणून आंब्याखाली बसून झालं, पाण्याच्या टाकीजवळ बसून झालं, खुर्ची ओढत अंगणभर फिरणंही झालं होतं. आणि खरं सांगायचं तर हे ‘नेटवर्क’ सगळ्यांत आधी त्यानेच म्हटलं होतं. नासिलेलेला उपचारांसाठी लुसाकात आणलं त्याच्या पुढच्या वर्षी मुलापो इंटरनेटवर आला. खाणींत गेलेले, जोहान्सबर्गला गेलेले, इंग्लंडात परिचारिका झालेल्या, सगळे आता गाव ऐकणार म्हणून गावात बकरं कापलं. एक वाजला की नासिलेले उशीला टेकून बसायची. आपण शिकवलेली पोर कशी वाचते ते तिला ऐकायचं असायचं. आवाज तुटला की ती मोबाइल त्याच्यापुढे धरायची. “बघ ना जरा. तुझंच काम आहे.” आणि तो, चाळीस वर्षं ज्याने यंत्रं उघडली तो माणूस, वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचा, “नेटवर्क आहे गं, त्यात काय बघायचं.” कितीदा म्हणाला असेल. तिचा हात तसाच पुढे असायचा, मनगट काडीसारखं झालेलं, मग ती तो हळूच मागे घ्यायची. तिला रेडिओची गरज उरणार नाही हे त्याला तेव्हा कळत होतं, म्हणूनच त्याने तो उघडून पाहिला नाही. दुरुस्ती केली असती तर ती कुणासाठी, हा विचार करावा लागला असता. असं तो आता स्वतःला सांगत होता. पण खरं कारण एवढंच असेल की तो वर्तमानपत्र वाचत होता.

“तुझा मोबाइल आण,” तो म्वीम्बाला म्हणाला. “तुझी कंपनी वेगळी आहे ना?”

मंगळवारी एक वाजता दोन मोबाइल स्टुलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन वेगळ्या कंपन्या, एक जुना मोबाइल, एक नवा. पहिलं नाव झालं, इनोंगे थांबली, आणि दोन्ही चक्रं एकाच वेळी फिरायला लागली. म्वीम्बाने तोंडाचा चंबू केला. लुबिंदाच्या अंगावर मात्र बारीक काटा आला. बऱ्याच वर्षांनी तो असा आला होता. दोन वेगळ्या वाटांवरचे दोघे एकाच वेळी ठेचकाळले, म्हणजे दगड इथे नाही, तिकडे, वाटा फुटण्याच्या आधीच कुठेतरी आहे. भजनं चालू असताना आवाज कधी तुटला? नाही. बातम्यांत? नाही. पीकपाण्याच्या गप्पांत तो शेतकी अधिकारी तासभर बोलतो, तेव्हाही नाही. फक्त नावांत. पुढच्या नावाला त्याने मनगटावरची नाडी धरून मोजलं. इनोंगेचा शेवटचा शब्द, मग आठ, नऊ, दहा, आणि चक्र. त्याच्या पुढच्या नावालाही दहाच. तो हसला, आणि मग हसणं त्याच्या तोंडावर विचित्र अडकलं, कारण आवाज कशाने तुटतो ते त्याला कळलं होतं. नासिलेलेने सोडलेल्या जागेने तुटत होता.

त्याने केंद्रावर फोन लावला. इनोंगे आता चाळिशीची, केंद्राची प्रमुख, पण त्याच्याशी बोलताना तिच्या आवाजात अजून शाळेतली मुलगी असायची. तिने यंत्रासमोर बसून पाहिलं, ज्या परदेशी कंपनीमार्फत आवाज इंटरनेटवर जातो तिला विचारलं, आणि तासाभराने उलट फोन केला.

“बो लुबिंदा, तुमचं बरोबर आहे. दहा सेकंद काहीच आवाज आला नाही की त्यांच्या यंत्राला वाटतं आम्ही मेलो. ते लाइन तोडतं. परत जोडायला मिनिट-सव्वा मिनिट जातं. दीड वर्ष हे चाललंय आणि आम्हाला पत्ता नाही. इथे सगळे साध्या रेडिओवर ऐकतात.”

“त्यांना सांग, आम्ही मेलो नाही, गप्प आहोत.”

“सांगितलं. त्यांच्याकडे सगळ्या जगाला एकच नियम आहे म्हणे.” मग तिनेच तोडगा काढला. “मी पाच सेकंद करते ना. त्यात काय एवढं. तुम्हाला नाव नीट ऐकू येईल. नाहीतर खाली मंद वाजतं गाणं सोडते.”

तो हो म्हणणारच होता. हो ओठांवर आला होता. बावीस वर्षं हेच तर त्याने मागितलं होतं, आणि आता ते कुणीतरी आपण होऊन देत होतं, तेही भांडायला ती समोर नसताना. पाच सेकंदांत हातातलं भांडंसुद्धा खाली ठेवून होत नाही. बाई अर्धी वाकलेली असेल तोवर दुसरं नाव येईल, आणि नासिलेलेच्या टाळ्या दुसऱ्या कुणाला जातील. किंवा ज्याचं नाव आधी असेल त्याच्या तिला येतील, आणि ते तर तिला मुळीच खपलं नसतं. “ऐकताय ना?” इनोंगेने विचारलं.

“ऐकतोय. पोरी, एक सांग. तू थांबतेस तेव्हा माइकचं काय करतेस?”

“खाली घेते. बंद.”

“का?”

“का म्हणजे?” ती गोंधळली. “तुम्हीच तर शिकवलंत. पाटी आहे ना इथे, तुमच्या हातची. बोलणं संपलं की माइक बंद. मी रोज तिच्यासमोर बसते.”

त्याला पाटी आठवली. पिवळ्या पुठ्ठ्यावर जाड लाल अक्षरं, ‘बंद’च्या खाली दोन रेघा. नासिलेलेसाठीच लिहिली होती ती. निदान गप्प बसणार असशील तर माइक तरी खाली घे, बाहेरची खरखर जाते. ती पाटी वाचायची, मान डोलवायची आणि माइक उघडाच ठेवून थांबायची. त्या थांबण्यात मैदान शिरायचं. शेळी, वारा, शेजारी कुणीतरी मका कांडत असलेलं, तिच्या खुर्चीची कुरकुर, तिचा श्वास. काचेमागे बसून, कानावर हेडफोनचे डबे चढवून, तो ते सगळं ऐकायचा आणि चिडायचा. काटा पूर्ण आडवा कधी पडायचाच नाही. पहिल्या दिवशी पडलासा वाटला होता तेवढाच. पाटीचं ऐकलं ते नंतर आलेल्या मुलींनी, कारण त्या शहाण्या होत्या आणि तिच्याइतक्या हट्टी नव्हत्या. त्यांनी तिची शांतता घेतली, तिच्यात त्याची पाटी मिसळली, आणि खरोखर मेलेली अशी एक जागा तयार केली. त्याचंच हस्ताक्षर होतं ते. वर्षापूर्वी बायकोचं नाव त्याच्या कानापर्यंत न पोचू देणारा माणूस तो स्वतःच होता. हे कळल्यावर रडू यायला हवं होतं. त्याला नुसतं शरमल्यासारखं झालं, घरच्या माणसासमोर खोटं पकडलं जातं तसं.

“पाटी काढ,” तो म्हणाला. “उद्यापासून माइक उघडा ठेव. पूर्ण थांब, ती थांबायची तेवढं.”

बुधवारी पुन्हा दोन मोबाइल, पुन्हा स्टूल. नामुकोलो रात्रीच निघून गेली होती, घर मोकळं होतं. पहिलं नाव. थांबणं. दूरवर पंख्याची पुसट घरघर, बाकी काही नाही, आणि दहाव्या ठोक्याला चक्र. लुबिंदाने कपाळाला हात लावला नाही एवढंच.

“खिडकी उघड,” त्याने इनोंगेला फोनवर सांगितलं.

“खिडकी उघडत नाही, बो लुबिंदा.” तिचा आवाज फारच आदबशीर झाला. “बाईंनी वाचणं थांबवलं त्या वर्षी वाळूचं वादळ आलं तेव्हा यंत्र वाचवायला तुम्ही तिला खिळे ठोकले होते. सगळीकडून. आम्ही हात लावला नाही.”

शेजारी कान देऊन बसलेला म्वीम्बा खो खो हसत सुटला. “अरे, आमच्या गोठ्याला असे खिळे ठोकले असतेस तर आमची गुरं तरी वाचली असती.”

“ती तुम्हीच दारात सोडून दिली होती.” लुबिंदाने फोन तोंडाशी नेला. “सगळे खिळे काढ. वाळू आली तर येऊ दे. यंत्राचं मी बघून घेतो.” तो साडेपाचशे किलोमीटरवरून काय बघणार होता कोण जाणे. पण इनोंगेने “बरं” म्हटलं, आणि त्या “बरं”मध्ये तिला शाळेत शिकवणाऱ्या बाईंची छटा होती असं त्याला वाटून गेलं.

गुरुवारी त्याने पांढरा सदरा घातला. म्वीम्बाही धुतलेला सदरा घालून आला. पावणेएकला लुबिंदा म्हणाला, “मला खाली बसव.”

“वेडा आहेस का? खाली बसलास तर उठवायला गाय जुंपावी लागेल.”

“तुझीच आणतो.”

म्वीम्बाने शिव्या देत त्याला काखेत धरलं, चटईवर उतरवलं आणि कमरेखाली उशी सरकवली. हाडातले खिळे चमकून उठले, मग गप्प झाले. एक वाजला. गावात एक वाजून गेला होता, कारण इंटरनेटवरचा आवाज अर्ध्या मिनिटाने मागून येतो. तिकडे नाव घेऊन होईल, टाळ्या होतील, नामुकोलो दगडावरचं कापड ओढेल, आणि मग ते सगळं इथे पोचेल. हे त्याला आधीही माहीत होतं, पण आज ते बरं वाटलं. आणखी अर्धं मिनिट ती त्याच्याकडे होती.

इनोंगेने प्रस्तावना केली नाही. नासिलेलेने कधी केली नव्हती. “मुलापो गावच्या बो नासिलेले,” ती म्हणाली, “वय सदुसष्ट. या खोलीत बसून नावं वाचायच्या.” आणि थांबली.

लुबिंदा मोजायचं नाही असं ठरवून मोजत होता. तीन. चार. मग खिडकी ऐकू आली. आधी वारा, मैदानावरून येणारा कोरडा ऑक्टोबरचा वारा, माइकवर घासणारा. मग एक कोंबडा, भलत्या वेळी. कुणीतरी बाळाला दटावलं. खुर्ची कुरकुरली, तीच खुर्ची असणार. आणि मग टाळ्या. इनोंगेच्या जवळच्या, आणि खिडकीबाहेरच्याही, पोकळ तळव्यांच्या, हळू, खूप. अंगणात लोक येऊन बसले असावेत. बारा, तेरा. चक्र फिरलं नाही. बावीस वर्षं कानावर डबे लावून जे काढून टाकायला तो झटला होता ते सगळं एकाच वेळी त्या एवढ्याशा मोबाइलमधून येत होतं, आणि त्याच्यात ती होती. नाव ऐकलं म्हणून ती गेली. खरोखर गेली. लुबिंदाने तळवे पोकळ केले आणि वाजवले, दोनदा, मग मोजायचं विसरून आणखी. त्याचा चेहरा कसाही होऊ लागला, आणि त्याने तो होऊ दिला. म्वीम्बा दाराकडे तोंड करून उभा होता आणि गाईबद्दल एक शब्दही बोलत नव्हता.

“लिकोमा गावच्या, सेपिसोच्या आई,” इनोंगे म्हणाली, “वय चौतीस.”

लुबिंदाचे हात हवेतच राहिले. त्याला वाटलं होतं की आता आवाज तुटेल. तुटला नाही. नासिलेलेच्या मागोमाग दुसरं कुणी असेल असा विचारच वर्षभरात त्याने केला नव्हता. चौतीस वर्षांची बाई. सेपिसो केवढी असेल, बोलत असेल की नाही. वारा तसाच चालू होता.

“आता कोण?” म्वीम्बाने दारातूनच विचारलं. “ओळखीची?”

“नाही,” लुबिंदा म्हणाला.

“मग उठवू का तुला?”

त्याने मानेनेच नको म्हटलं, बाहीने डोळे पुसले, आणि सेपिसोच्या आईसाठी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी एकूण सात नावं होती. सातवं होईपर्यंत तो चटईवरच बसून राहिला.